खाऱ्या पाण्यासाठी

पैठणात मुनीरभाईच्या दुकानी
शिसं लोणच्याच्या बरणीत असतं,
गळ विडीच्या डब्यात, नंबरवार,
तंगूस रिळावर.
मी म्हणालो, समुद्रासाठी पाहिजे.
तराजू हातात तसाच धरून
त्यानं आधी माझ्याकडं बघितलं,
मग रस्त्याकडं,
जसा काही समुद्र रिक्षातून उतरून
मागोमाग दुकानात येतोय.

अनसूया हर्णैला नर्स आहे, दोन वर्षं झाली.
फोनवर म्हणते, बाबा, या ना एकदा,
इथं धक्क्यावर म्हातारे गळ टाकून बसतात,
तुमच्यासारखेच, दिवसदिवस न बोलणारे.

बेचाळीस वर्षं मी धरणाच्या कडेला बसलो.
मरळीला बेडकाचं पिल्लू,
वांबेला गांडूळ, तेही उकिरड्यातलं, लाल,
रोहूला शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून,
वर चिमूटभर हिंग.
घरातल्या कोणाला काय आवडतं
ते मला सांगता यायचं नाही,
असं जना म्हणते,
आणि ते खोटं नाही.

मुनीरभाई म्हणाला, खाऱ्यात आपला गळ टिकत नाही,
असं ऐकून आहे. बघितलेलं नाही.
मग मीच बघितलं.
स्टीलच्या ग्लासात पाणी, मूठभर मीठ,
त्यात सात नंबरचा एक गळ,
आणि ग्लास देवळीत.
जना म्हणाली, मीठ काय फुकट येतं का?
तिसऱ्या दिवशी पाण्याला चहाचा रंग.
गळ बोटात धरला तर टोक बोटावरच राहिलं.
मी त्या पाण्याची एक चूळ घेतली.
थुंकली, पण लगेच नाही.
ज्यांना पकडायला जायचं
ते दिवसभर काय पीत असतात,
एवढं तरी कळायला पाहिजे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुनीरभाई स्टुलावर चढला,
जाळ्यांच्या मागं हात घातला,
धुळीचा एक पुठ्ठा काढला.
आठ वर्षांपूर्वी पार्सलात चुकून आलेला.
त्यावर बारा गळ, जाड, पांढरे,
आरशासारखे.
कोणी विचारलंच नाही रे, तो म्हणाला,
गोड्या पाण्याच्या माशाला हे दिसतंय लांबूनच.
पोरीकडं चाललास ना, निम्म्यात ने.
शिसं मात्र मोठं घे, शंभर ग्रॅमचं,
तिथं पाणी ओढतं म्हणतात.
मी आजवर सायकलीच्या नटावर भागवलेलं.

रात्री अनसूयेला विचारलं, चारा कसला?
कोळंबी लावतात बाबा, नाहीतर बोयीचे तुकडे.
कोळंबी? ती तर माणसं खातात.
ती हसली, बराच वेळ हसली,
मागं कोणीतरी बाई कण्हत होती वॉर्डात,
तिलाही बहुतेक ऐकू गेलं असेल.
मग म्हणाली, आणि वेळ बघून बसावं लागतं,
पाणी दिवसातून दोनदा मागं जातं.
दोनदा?
इथं साहेबांनी दरवाजे उघडले तरच जातं,
त्याचं आधी पेपरात येतं,
भोंगा वाजतो, आम्ही चपला उचलतो.
तिथं कोण उघडतं, ते मी विचारलं नाही.
ती कामावर होती.

आता पिशवी दारात आहे.
पुठ्ठा वर्तमानपत्रात, शिसं पायमोज्यात,
तंगूस नवं, त्याला दुकानाचा वास.
बांबूची काठी कंडक्टर चढू देईल का,
म्हणून दोन तुकडे करून मध्ये नळी बसवली.
मोरपिसाची तरंगती काडी काढून ठेवली होती,
लाटेत ती काय दिसणार,
मग परत घातली.

आणि डब्यात, लाडवांच्या खाली,
जनाला न सांगता,
पेंडीचा एक गोळा, हिंग लावलेला.
एवढा मोठा समुद्र.
त्यात एखादा असेलच
ज्यानं शेंगदाणा अजून खाल्ला नसेल.